श्रीलंका दवाखान्यांनी बुडाली नाही

२०२२ च्या उन्हाळ्यापासून आपल्याकडच्या प्रत्येक आर्थिक चर्चेत एक वाक्य ठरून गेलं आहे: 'हे असंच चाललं तर आपली श्रीलंका होईल.' एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा ते ऐकलं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत केसपेपरचे पैसे बंद झाले तेव्हा ऐकलं, आणि लाडक्या बहिणीच्या हप्त्यावरून तर उठता-बसता ऐकतो. बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पेट्रोलच्या रांगा असतात आणि राष्ट्रपतींच्या तरणतलावात डुंबणारी पोरं असतात. त्या चित्राखाली तो बिनधास्त मथळा घालतो, 'फुकटेगिरीचा परिणाम'. समोरचाही काही कमी नसतो. तो म्हणतो, 'पण तिथली आरोग्यसेवा बघा की, गरीब देश असून!' त्यावर पहिला म्हणतो, 'मूठभर बेट आहे ते, त्यांना जमतं.' वाद तिथेच संपतो आणि चहा येतो.

ही तिन्ही वाक्यं मला आळशी वाटतात. श्रीलंकेच्या बुडण्याशी तिच्या मोफत आरोग्यसेवेचा संबंध जवळपास नाही. ती सेवा 'फुकट दिलं' एवढ्यानं उभी राहिली, हेही खरं नाही. आणि बेट लहान आहे म्हणून हे जमलं, हा दावा तर त्याच बेटाच्या एका कोपऱ्यानं खोटा ठरवला आहे. शंभर वर्षांत हळूहळू बांधलेली, गावागावांत पगारी माणूस ठेवणारी ती एक यंत्रणा आहे, आणि ती उभी राहण्यामागे सरकारच्या दानतीपेक्षा मतदारांच्या रेट्याचा हात मोठा आहे.

आधी दिवाळखोरीचा हिशेब. १२ एप्रिल २०२२ रोजी श्रीलंकेनं परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. त्याआधी काय काय घडलं होतं? जागतिक बाजारात चढ्या व्याजानं कर्जरोखे विकून बंदरं, विमानतळ, महामार्ग उभे राहिले होते. त्यातलं हंबनटोटाचं बंदर २०१७ मध्येच ९९ वर्षांच्या करारानं चिनी कंपनीकडे गेलं. २०१९ च्या ईस्टरला झालेल्या बॉम्बस्फोटांनी पर्यटन आटलं, करोनानं ते बंदच पाडलं. २०१९ च्या अखेरीस राष्ट्रपती गोटाबाया राजपक्षे यांनी निवडून येताच मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी आली. भात कोसळला, चहा घसरला आणि काही महिन्यांत बंदी गुंडाळावी लागली. १९९० च्या सुमारास सरकारचा महसूल राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण एक पंचमांश होता, तो २०२१ मध्ये नऊ टक्क्यांच्याही खाली गेला होता. आणि सरकारी आरोग्यखर्च? राष्ट्रीय उत्पन्नाच्या दीड ते दोन टक्के. गेली कित्येक वर्षं तो त्याच पट्ट्यात आहे. जो खर्च वाढलाच नाही, त्यानं देश बुडवला असं म्हणायचं असेल तर घरातला कर्ता सट्ट्यात हरल्यावर दोष आजीच्या औषधांना द्यावा लागेल. करकपातीला मात्र रेवडी म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. का, कोण जाणे.

तरीही रेवडीविरोधकांच्या बाजूचं सगळ्यात दमदार उदाहरण त्यांच्या वतीनं मीच देतो, कारण ते स्वतः कधी देत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, सिलोनमध्ये (श्रीलंकेचं तेव्हाचं नाव) रेशनचा तांदूळ सुरू झाला. युद्ध संपलं, रेशन मात्र राहिलं. १९५३ मध्ये सरकारनं मापाचा भाव २५ सेंटवरून ७० सेंट केला. १२ ऑगस्टला हरताळ झाला, गोळीबार झाला, माणसं मेली आणि पंतप्रधान डडली सेनानायके यांना पायउतार व्हावं लागलं. त्यानंतरची दोन-अडीच दशकं प्रत्येक पक्ष तांदळाची बोली लावत राहिला आणि तिजोरी खरोखरच वाकली. एकदा दिलेलं काढून घेता येत नाही, हा आक्षेप त्या बेटावर रक्ताच्या शाईनं लिहिलेला आहे. तो मला मान्य आहे. पण तांदूळ खाल्ला की संपतो, पुढच्या आठवड्याला पुन्हा तेवढाच लागतो. १९३० च्या दशकात गावात नेमलेली सुईण आणि तिच्या हाताखाली शिकलेली पुढची सुईण यांचा हिशेब त्याच रकान्यात कसा मांडायचा? दोन्ही 'फुकट', एवढ्या एका शब्दानं आपण भेद पुसून टाकतो आणि मग भलत्याच गोष्टीवर भांडत बसतो.

या यंत्रणेची सुरुवात स्वातंत्र्याच्याही आधीची आहे. १९२६ मध्ये कोलंबोच्या दक्षिणेला कळुतारा इथे पहिलं 'हेल्थ युनिट' सुरू झालं. अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनचा त्यात हात होता. ही मंडळी दहा वर्षं आधी मळ्यांमधल्या मजुरांच्या पोटातल्या आकडीकृमींच्या (हूकवर्म) मागे बेटावर आली होती. नुसतं औषध पाजून उपयोग होत नाही, संडास नसेल तर कृमी परत येतात, हा धडा तिथे मिळाला. म्हणून कळुतारात रुग्णालय बांधलं नाही. एक ठरावीक भूभाग आखला, त्यातल्या लोकसंख्येची जबाबदारी एका वैद्यकीय अधिकाऱ्यावर टाकली आणि त्याच्या हाताखाली निरीक्षक, परिचारिका, सुइणी दिल्या. विहिरी, संडास, लसी, बाळंतपणं, शाळेतली पोरं, सगळं त्याच्याच गळ्यात. आजारी माणूस दाराशी येण्याची वाट पाहायची नाही, माणूस निरोगी असतानाच त्याच्या दाराशी जायचं. प्राथमिक आरोग्यसेवेची जागतिक घोषणा तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटाला १९७८ मध्ये झाली. कळुतारा तिच्याहून ५२ वर्षांनी मोठं आहे.

पण प्रयोग कुठेही होतात. बहुतेक प्रयोग अहवालात मरतात. हा का जगला? इथे १९३१ साल येतं. ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या डोनमोर आयोगाच्या शिफारशीनं त्या वर्षी सिलोनमध्ये २१ वर्षांवरच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत मिळालं. खुद्द ब्रिटनमध्ये बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं मत मिळून तेव्हा तीनच वर्षं झाली होती. आपल्याकडे त्यासाठी संविधानाची वाट पाहावी लागली. आणि मत मिळून तीन-चार वर्षं होतात न होतात तोच १९३४-३५ ची हिवतापाची साथ आली. नैर्ऋत्य मोसमी पाऊस फसला, ओल्या प्रदेशातल्या एरवी दुथडी वाहणाऱ्या नद्या आटून डबकी झाली आणि डासांना पाळणाघरं मिळाली. या भागातल्या लोकांच्या अंगात हिवतापाशी झुंजायची सवय नव्हती. साधारण ५३ लाख वस्तीच्या बेटावर ८०,००० च्या आसपास माणसं गेली. केगल्ल आणि कुरुणेगल जिल्हे उजाड झाले. विलायतेत शिकून आलेले डावे तरुण गावोगाव औषधं आणि अन्न घेऊन हिंडले. एन. एम. परेरा रुवनवेल्लाकडे गेले, फिलिप गुणवर्धने अविस्सावेल्लाकडे. डिसेंबर १९३५ मध्ये त्यांनी लंका सम समाज पक्ष काढला आणि १९३६ च्या निवडणुकीत हे दोघे त्याच दोन मतदारसंघांतून निवडून आले.

सत्ताधाऱ्यांना याचा अर्थ लावायला वेगळा सल्लागार लागला नसणार. पुढच्या वर्षांत हेल्थ युनिटं बेटभर पसरली, ग्रामीण रुग्णालयं आणि दवाखाने उघडत गेले. मतदारसंघात कॉटेज हॉस्पिटल आणणं हे आमदाराच्या पुढच्या निवडणुकीचं भांडवल बनलं. यात उदात्त असं फारसं काही नाही. आपल्याकडे साखर कारखाने आणि इंजिनीअरिंग कॉलेजं ज्या ईर्षेनं निघाली, त्याच ईर्षेनं तिथे दवाखाने निघाले. ईर्षा कशाची धरायची, एवढाच फरक. १९५१ मध्ये सरकारी रुग्णालयांतलं शुल्क हटवलं गेलं तेव्हा यंत्रणा बरीचशी उभी होती. आधी दवाखाना आणि मग फुकट, हा क्रम विसरून चालत नाही. दवाखानाच नसताना फुकट काय द्यायचं?

या सगळ्याच्या मुळाशी असलेली बाई म्हणजे 'पब्लिक हेल्थ मिडवाइफ'. गावात तिला 'मिडवाइफ नोना' म्हणतात; आपल्याकडे 'सिस्टर' किंवा 'नर्सबाई' म्हणावं तसं. तिच्याकडे साधारण तीन हजार माणसांचा पट्टा असतो. त्यातल्या प्रत्येक जोडप्याची नोंद तिच्या वहीत. लग्न झालं की नाव चढतं. दिवस गेले की गरोदरपणाचं कार्ड सुरू होतं. बाळंतीण घरी परतली की पहिल्या दहा दिवसांत ती घरी जाते, बाळाची नाळ बघते, आईला ताप आहे का विचारते. पूर्वी ती घरीच बाळंतपण करायची. आता जवळपास सगळी बाळंतपणं रुग्णालयात होतात, पण तिची वही सुटलेली नाही. ती सरकारी नोकर आहे, पगारावर आणि निवृत्तिवेतनावर. आई दगावली तर त्या प्रत्येक मृत्यूची चौकशी होते, आणि त्यात तिची वही उघडली जाते. १९३० च्या दशकात दर लाख जन्मांमागे दोन हजारांच्या आसपास आया मरत होत्या. १९५० पर्यंत हा आकडा सहाशेच्या खाली आला. आज तो तीसच्या आसपास आहे. आणि बाळंतिणीचा जीव वाचवणारी सोय वाटेत अडलेल्या बाकीच्यांनाही लागते: रस्ता, रक्त, रात्री जागा असलेला डॉक्टर. एक आकडा खाली आणायचा तर दहा गोष्टी जागेवर असाव्या लागतात.

इथे जाणकार वाचक हात वर करील. १९४६ ते १९५० या काळात सिलोनचा मृत्युदर एकदम घसरला, त्याचं श्रेय डास मारणाऱ्या डीडीटीला नाही का? आक्षेप भक्कम आहे. १९४५-४६ पासून घरांच्या भिंतींवर त्याची फवारणी सुरू झाली आणि १९४६ ते १९४७ या एकाच वर्षात मृत्युदर हजारी २० वरून १४ वर आला. बालमृत्युदर १९४६ मध्ये हजारी १४१ होता, तो १९५० मध्ये ८२. लोकसंख्याशास्त्रज्ञ यावर पुढे अनेक वर्षं भांडले. फवारणीचा वाटा मोठा होता, हे मी नाकारत नाही. पण जिथे हिवताप फारसा नव्हताच, त्या जिल्ह्यांतही मृत्यू घटले, हे कसं? डीडीटी त्या काळात पुष्कळ देशांत फवारलं गेलं, सगळीकडे बाळंतिणी का वाचल्या नाहीत? फवारणीला भिंती लागतात, तशी ती फवारणारी आणि नंतर रक्त तपासणारी माणसंही लागतात. ती सिलोनमध्ये आधीच पगारावर होती.

आता 'मूठभर बेट' या युक्तिवादाकडे. त्यातही तथ्य आहे. क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढं. लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या आत. रस्ते आणि रेल्वे ब्रिटिशांनी चहासाठी का होईना, पण डोंगरापर्यंत नेलेले. दवाखाना दोन-तीन मैलांवर असणं अशा देशात सोपं जातं. पण लहानपणच पुरेसं असतं तर श्रीलंकेच्या निम्म्याहूनही लहान असलेल्या हैतीत ते का दिसत नाही? दूर कशाला, बेटावरच्याच चहामळ्यांत चला.

तिथे काम करणारे तमिळ मजूर ब्रिटिशांनी तमिळनाडूतून नेलेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर सरकार आणि मळेवाले त्यांच्या प्रकृतीकडे गावकऱ्यांहून जास्त लक्ष देत, कारण आजारी मजूर म्हणजे बुडालेला नफा. मळ्याचा स्वतःचा दवाखाना, स्वतःचा औषधवाला. १९३० च्या दशकात मळ्यांमधले मृत्यूचे आकडे बाकीच्या बेटाहून फार वाईट नव्हते. मग ४ फेब्रुवारी १९४८ ला देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्यानं या सात लाखांहून अधिक माणसांचं नागरिकत्व गेलं. पाठोपाठ मतही गेलं. त्यांच्या दवाखान्यासाठी भांडण्यात कुणाही आमदाराचा फायदा उरला नाही. सरकारी यंत्रणा मळ्याच्या कुंपणाबाहेर थांबली, आत कंपनीचं राज्य चालू राहिलं. बाहेर बालमृत्यू उतरत गेले, आत ते रेंगाळले. १९७४ च्या अन्नटंचाईत मळ्यांमधली मरणं पुन्हा उसळली. तिथला बालमृत्युदर देशाच्या सरासरीच्या दुपटीहून वर होता. बेट तेच. डीडीटी तेच. मोफत उपचारांचा कायदाही तोच. फरक मताचा होता. सरकारनं मळ्यांची रुग्णालयं हळूहळू ताब्यात घ्यायला सुरुवात केली ती १९९० च्या दशकात, आणि उरलेल्यांच्या नागरिकत्वाचा गुंता सुटायला २००३ साल उजाडलं.

श्रीलंकेचं कौतुक करणारे हा मळ्यांचा भाग गाळतात, तिला हिणवणारे वाचतच नाहीत. मला मात्र सगळ्या इतिहासातला हाच पुरावा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलून पाहायची संधी इतिहास क्वचित देतो. आणि मेळघाट किंवा अक्कलकुवा-धडगाव आठवल्याशिवाय हे कसं वाचायचं? तिथे मत आहे, हे खरं. पण ते मत कुणाला सत्तेवरून खाली खेचू शकलं का?

आजची श्रीलंका आदर्श आहे असंही नाही. एकूण आरोग्यखर्चाचा निम्म्याच्या आसपास भाग लोक खिशातून भरतात. सरकारी कामाची वेळ संपली की सरकारी तज्ज्ञच खासगी दवाखान्यात पैसे घेऊन तपासतो; त्याला तिथे 'चॅनेलिंग' म्हणतात आणि १९७७ नंतर ती रीतच झाली. सर्दी-खोकल्यालाही लोक जवळचा दवाखाना टाळून मोठं रुग्णालय गाठतात. बाळंतपण आणि लसींसाठी घडवलेली यंत्रणा मधुमेह आणि रक्तदाबापुढे चाचपडते आहे, कारण या रोगांत वही वीस-तीस वर्षं उघडी ठेवावी लागते. मार्च २०२२ मध्ये कँडीजवळच्या पेरादेनियाच्या रुग्णालयाला औषधं नाहीत म्हणून ठरलेल्या शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. ती बातमी वाचून आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी मदतीची सूचना दिली. त्यानंतर शेकडो डॉक्टर देश सोडून गेले. म्हणजे आरोग्यसेवेनं तिजोरी बुडवली नाही, बुडालेल्या तिजोरीनं आरोग्यसेवा घायाळ केली. कार्यकारणाची दिशा उलटी करण्याची चूक आपण इतक्या सहज करतो की ती चूक आहे हेही ध्यानात येत नाही.

आता आपल्याकडे. मातामृत्यूंत महाराष्ट्र आज श्रीलंकेच्या जवळ पोचला आहे. २०१८-२० चा आपला आकडा लाखाला ३३ होता. त्याबद्दल उगाच नाकं मुरडू नयेत. पण आपण तिथे कशाच्या जोरावर पोचलो? मोठा वाटा आशाताईंचा. त्यांना सरकार नोकर मानत नाही, 'स्वयंसेविका' म्हणतं आणि मोबदला कामागणिक मोजतं. २०२४ च्या सुरुवातीला त्या आझाद मैदानात बसल्या होत्या, ते कशासाठी? श्रीलंकेतल्या त्यांच्या बहिणीला जे शंभर वर्षांपूर्वीपासून मिळतं त्यासाठी: ठरलेला पगार आणि नेमणुकीचा कागद. एकीकडे विमा योजनेचं कार्ड पाच लाखांपर्यंतच्या शस्त्रक्रियेची हमी देतं आणि दुसरीकडे उपकेंद्राला कुलूप असतं. केसपेपर माफ केल्यानं तिजोरी बुडणार नाही, पण त्यानं उपकेंद्राचं कुलूपही निघणार नाही. वाद घालायचाच असेल तर त्या कुलपाबद्दल घालू या.

बचतीचा प्रयोगही त्या बेटानं करून पाहिला आहे. १९६३ मध्ये सबंध श्रीलंकेत हिवतापाचे अवघे १७ रुग्ण सापडले, त्यातलेही बरेचसे बाहेरून आलेले. एवढ्याशा रुग्णांसाठी फवारणी कशाला, म्हणून ती थांबली आणि लक्षही सैलावलं. १९६८-६९ मध्ये साथ परतली आणि एका वर्षात पाच लाखांहून अधिक रुग्ण झाले. पुन्हा सगळं जुळवायला, मध्ये पंचवीस वर्षांचं यादवी युद्ध सोसत, चार दशकं गेली. शेवटचा स्थानिक रुग्ण ऑक्टोबर २०१२ मध्ये सापडला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देश हिवतापमुक्त जाहीर केला. या वेळी मात्र फायली बंद झाल्या नाहीत. परदेशातून तापानं फणफणत आलेल्या माणसाचं रक्त आजही तपासलं जातं, सापडला तर त्याच्या घराभोवतीचे डास शोधले जातात. २०२२ मध्ये पेट्रोल नव्हतं, वीज नव्हती, सरकार पळून गेलं होतं, तरी हिवताप बेटावर पुन्हा रुजला नाही. बाहेरून येणाऱ्या या रुग्णांतले बरेच जण भारतातून गेलेले असतात.